बर्णबाचं पाणी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुळा नदीच्या वरच्या अंगाला, जिथे माळ दगडाचा आणि झाडं काट्यांची, तिथे खडकदरे नावाचं गाव होतं. गावाच्या खालच्या बाजूला ख्रिस्ती लोकांची वाडी होती. वीस-पंचवीस घरं, मातीच्या भिंतींचं, वर क्रूस असलेलं एक देऊळ आणि देवळापुढे एक कडुनिंब. गावाला विहीर होती, पण वाडीच्या बायांना तिच्या पायरीवर पाय ठेवू देत नसत. त्यांनी घागरी लांब मांडायच्या आणि वाट बघायची. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. दया आली नाही तर रिकाम्या घागरी घेऊन घरी यायचं.

त्या वाडीत दोन भाऊ राहत होते. थोरला बर्णबा, धाकटा सीलास. सीलासला कुणी सीलास म्हणत नसे, सगळे शिल्या म्हणत. आई-बाप एकाच साथीत गेले तेव्हा शिल्या रांगत होता. बर्णबानंच त्याला भरवलं, नदीवर नेऊन धुतलं, शाळेत घातलं. शाळेतून तो चार दिवसांत पळून आला, तेव्हा बर्णबा हसला आणि म्हणाला, "बरं झालं. आता दोर धरायला माणूस मिळाला."

बर्णबा विहिरी खणायचा. त्याच्या पहारेचा आवाज नदीपलीकडच्या गावांत ऐकू जायचा आणि तिथल्या बाया त्या आवाजावर दळण दळायच्या, असं म्हणतात. पण लोक त्याची आठवण काढतात ती पहारेसाठी नाही. रोज सकाळी कामावर जाताना तो वाडीतल्या प्रत्येक दारात क्षणभर थांबायचा. कुणाचं दुखणं विचारायचा, कुणाच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "धीर धरा. देवाला आपली वाडी ठाऊक आहे." एवढंच. पाऊस असो, अंगात ताप असो, एक दारसुद्धा त्यानं कधी चुकवलं नाही. ज्या घरातली माणसं त्याच्याशी बोलत नसत, त्या घरापुढेही तो थांबायचा आणि बंद दाराला सांगून पुढे जायचा.

कोंडिबा नावाचा शेजारी त्याची चेष्टा करायचा. "बर्णबा, दाराला कान असतात का रे?"

"दारामागं माणूस असतो, कोंडिबा."

"आणि नसला तर?"

"तर दारालाच धीर येईल. तेही उन्हात उभंच आहे की."

मग एका वर्षी पाऊस आलाच नाही. गावची विहीर आटत चालली, तशी वाडीच्या घागरींवरची दयाही आटली. तेव्हा बर्णबा देवळात उभा राहिला आणि म्हणाला, "आपण आपली विहीर खणू." वाडीतले सगळे लोक कामाला लागले. बर्णबानं कडुनिंबापासून थोड्या अंतरावर जागा धरली. आधी मुरूम लागला, मग खडक. खडक इतका कठीण होता की पहारेची टोकं वाकली, पण बर्णबाचे हात वाकले नाहीत. तो खाली गेला की खडक मऊ पडायचा, असं म्हणतात. शिल्या म्हणायचा, खडक बिडक काही मऊ पडत नव्हता, दादाचे तळहात सोलून निघत होते.

विहीर खणणाऱ्यांचे दोन नियम होते, आणि बर्णबा ते फार कडक पाळायचा. पहिला नियम राखेचा. खड्ड्याभोवती लांबून चुलीतल्या राखेची रेघ ओढायची. दोर धरणाऱ्यांशिवाय कुणी त्या रेघेच्या आत यायचं नाही, कारण कच्च्या काठाला वजन सोसत नाही. दुसरा नियम पाण्याचा. पाणी लागलं की खालच्यानं ओरडायचं नाही. चिखलाचा गोळा पाटीत घालून मुकाट्यानं वर पाठवायचा. वरच्यांनी तो बघायचा, खालच्या माणसाला वर घ्यायचं आणि मग लोकांना सांगायचं. तहानलेली माणसं पाण्याच्या नावानं कशी धावतात, हे विहीर खणणाऱ्यांना माहीत असतं.

त्या दिवशी सकाळी बर्णबा नेहमीसारखा दारोदार थांबत आला. राहेलमावशीच्या घरात सून बाळंत झाली होती. तिचे ओठ फुटले होते, अंगावर दूध नव्हतं, आणि बाळ रडत होतं. रडणं कसलं, कागद फाटावा तसा बारीक आवाज येत होता. बर्णबा तिथे जरा जास्त वेळ थांबला. "धीर धरा, मावशी," म्हणाला, आणि डोळे पुसत विहिरीत उतरला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा खडकाच्या फटीतून पाणी फुटलं. ते पाणी पाहिलं आणि बर्णबाला ते बाळ आठवलं. आयुष्यभर पाळलेला नियम तो त्या एका घटकेला विसरला. खालून त्यानं हाक मारली, "पाणी! मावशी, पाणी लागलं!"

राहेलमावशी घागर घेऊन धावली. तिच्यामागे अख्खी वाडी धावली. शिल्या दोर धरून ओरडत होता, "रेघ! अरे, रेघ बघा!" पण त्याचं ऐकतो कोण. राखेवर पहिला पाय मावशीचा पडला. मग राख दिसेनाशी झाली. सगळे काठावरून वाकून बघायला लागले, आणि मुरमाची एक बाजू सुटली.

काठावरचा एकही माणूस खाली पडला नाही. सगळं खाली गेलं ते बर्णबाच्या अंगावर.

धूळ बसली तेव्हा तो दिसला. छातीपर्यंत दगडांत गाडलेला होता, आणि दगडांमधून पाणी वर येत होतं. शिल्या दोर पकडून उतरायला निघाला. खालून बर्णबा ओरडला, "कुणी उतरू नका! भिंत अजून सुटतेय!" चौघांनी शिल्याला धरलं. तो कोंडिबाच्या हाताला चावला, लाथा मारल्या, शिव्या दिल्या. त्यांनी सोडलं नाही.

पाणी चढत होतं. जे पाणी मिळावं म्हणून वाडीनं गुडघे टेकले होते, तेच पाणी. बर्णबानं ओंजळ भरून ते चाखलं आणि वर बघून म्हणाला, "शिल्या, पाणी गोड आहे रे."

"दादा, वर ये!" शिल्या रडत म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता.

"ऐक. राहेलमावशीला कुणी बोल लावू नका. ओरडलो मीच. ऐकलंस का, शिल्या?"

शिल्यानं उत्तर दिलं नाही. मग बर्णबानं एकेका घराचं नाव घ्यायला सुरुवात केली. रोजच्याच क्रमानं, पहिल्या दारापासून. नाव घ्यायचा आणि म्हणायचा, "धीर धरा." वर काठावर ज्याचं नाव निघे तो माणूस खाली बसायचा. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा फक्त शेवटचं घर उरलं होतं. ते त्याचं स्वतःचं होतं. ते नाव त्यानं घेतलं की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी वरच्या गावची माणसं दोर आणि लाकडं घेऊन आली, भिंतीला टेकू दिले आणि त्याला वर काढलं. चेहऱ्यावर ओरखडाही नव्हता, असं म्हणतात. शिल्यानं तो चेहरा धुतला. देवळामागे त्याला पुरलं.

विहीर बांधून झाली. पाणी इतकं वर आलं की हातभर दोर पुरायचा. पहिली घागर बाळंतिणीला गेली, आणि बाळ जगलं. वाडी ते पाणी प्यायली. वरचं गाव आलं, तेही प्यायलं, कुणी कुणाला लांब उभं केलं नाही. एकटा शिल्या ते पाणी प्यायला नाही.

तो देवळातही गेला नाही. देवळातले पाळक समजूत घालायला आले तेव्हा त्यांना दारातच म्हणाला, "देवाला आपली वाडी ठाऊक होती ना? मग विहिरीतला माणूस ठाऊक नव्हता का?" पाळकांनी खोटं उत्तर दिलं नाही. थोडा वेळ त्याच्याजवळ बसले आणि गेले.

शिल्या पाण्यासाठी नदीवर जायचा. कोरड्या वाळूत झिरा खणायचा आणि वाटी वाटीनं घागर भरून आणायचा. वाटेत कोंडिबा भेटला की आपला हात पुढे करून दाखवायचा. "दात चांगले आहेत रे तुझे. खूण गेली नाही अजून." शिल्या हसायचा नाही. मग कोंडिबा हळूच म्हणायचा, "दारात पाणी सोडून किती चालशील, पोरा?" शिल्या पुढे निघून जायचा.

विहीर बांधून झाली, त्याच्या दुसऱ्या सकाळपासून एक गोष्ट सुरू झाली. राहेलमावशी भरलेली घागर घेऊन शिल्याच्या दारात आली.

"सलाम, बाळा. पाणी आणलंय."

शिल्यानं घागर उचलली आणि तिच्या पायांसमोर ओतून दिली. "म्हातारे, तुझ्या पायानं माझा भाऊ मेला. पुन्हा या दारात दिसू नको."

मावशीनं रिकामी घागर उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आली. "सलाम, बाळा. पाणी आणलंय." शिल्यानं पुन्हा ओतलं. तिसऱ्या दिवशीही तेच. वाडीतली सगळी माणसं बर्णबाचा शब्द पाळत होती, मावशीला कुणी वावगं बोलत नव्हतं. ज्याला बर्णबानं "ऐकलंस का" म्हणून विचारलं होतं, तोच तेवढा पाळत नव्हता. आणि हे शिल्याला कळत होतं. म्हणूनच तो जास्त जोरानं ओतायचा.

मावशी भर उन्हाळ्यात आली, पावसात भिजत आली, नाताळच्या सकाळी नवं लुगडं नेसून आली. सून म्हणायची, "सासूबाई, तो पीत नाही, कशाला जाता?" मावशी म्हणायची, "तो पीत नाही हे खरं. पण मला आणायला कुणी मनाई केलीय?" जिथे शिल्या पाणी ओतायचा तिथे उंबऱ्याजवळ कडुनिंबाचं रोप उगवलं. त्यानं ते उपटलं. ते पुन्हा उगवलं. त्यानं पुन्हा उपटलं. ते कितीदा उगवलं हे सांगायची चढाओढ आजही लागते.

अशी वर्षं गेली. मावशीची कंबर वाकली, हातात काठी आली. घागर जाऊन कळशी आली, कळशी जाऊन तांब्या आला.

मग एका उन्हाळ्यात नदीची वाळू खोलवर कोरडी पडली. शिल्या रिकामी घागर घेऊन परत आला आणि दारात बसला. ओठ सुकले होते. ऊन वर चढलं, पण मावशी आली नाही. आधी त्याला बरं वाटलं. मग राग आला. मग त्याच्या ध्यानात आलं की त्याचे कान तिच्या काठीच्या आवाजाकडे लागले आहेत, आणि ते आजच नाही, रोज सकाळी लागलेले असतात. तो उठला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरी गेला.

सून शेतावर गेली होती. मावशी तापानं फणफणत पडली होती. उशाशी तांब्या होता, कोरडा. पावलं ऐकून तिनं डोळे न उघडता म्हटलं, "उशीर झाला रे बाळा आज. उठते हां. आणते."

शिल्यानं तांब्या उचलला आणि तो विहिरीवर गेला. पाणी भरणाऱ्या बाया बाजूला झाल्या. त्यानं आत वाकून बघितलं आणि हाक मारली, "दादा."

विहिरीतून काय आलं, याबद्दल दोन मतं आहेत. काही म्हणतात, "शिल्या, धीर धर" असं सगळ्या बायांनी ऐकलं. राहून गेलेलं शेवटच्या घराचं नाव त्या दिवशी आलं. काही म्हणतात, काहीच आलं नाही. तो कान देऊन खूप वेळ उभा राहिला, आणि काहीच आलं नाही म्हणून काठावर कपाळ टेकून रडला. पण त्यानं तांब्या भरला, याबद्दल दुमत नाही.

त्यानं मावशीला उठवून बसवलं आणि तांब्या तिच्या ओठांना लावला. तिनं तोंड फिरवलं. "आधी तू."

"मावशी, तू पी. मी नंतर."

"इतकी वर्षं नंतरच म्हणतोयस. आधी तू."

शिल्या प्यायला. ज्या पाण्यानं भावाला गिळलं, तेच पाणी तो घोट घोट करून प्यायला. डोळ्यांतून वाहत होतं, घशातून उतरत होतं.

"कसं आहे?" मावशीनं विचारलं.

"गोड आहे," शिल्या म्हणाला.

मग ती प्यायली. त्याच आठवड्यात ती गेली. तिची कबर शिल्यानं खणली, बर्णबाच्या शेजारी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो भरलेली घागर घेऊन तिच्या सुनेच्या दारात उभा राहिला. "सलाम, वहिनी. पाणी आणलंय. धीर धरा." पुढे म्हातारा होईपर्यंत तो माणूस गेलेल्या अशाच दारांत उभा राहिला. भावाशिवाय जगणं त्याला कधीच सोपं गेलं नाही, असं म्हणतात. पण एक दारसुद्धा त्यानं चुकवलं नाही.

खडकदऱ्यात आता नळ आले आहेत. तरी गावात कुणाच्याही घरी, कुठल्याही जातीच्या घरी, माणूस गेलं की त्या घरचे लोक पाणी भरत नाहीत. दुसरं कुणीतरी सकाळी त्या विहिरीची घागर घेऊन येतं. त्याला बर्णबाचं पाणी म्हणतात. घागर ठेवायची, सलाम करायचा, धीर धरा म्हणायचं. जास्त बोलायचं नाही, कारणं सांगायची नाहीत. दुःखातल्या माणसानं पाणी ओतून दिलं तर रागवायचं नाही. रिकामी घागर उचलायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायची.

नवी सून गावात आली की विचारते, असं किती दिवस न्यायचं?

पिईपर्यंत, असं तिला सांगतात. काही घरं लवकर पितात. काहींना फार वेळ लागतो. एक-दोन घरं अशीही आहेत की ती अजून प्यायलेली नाहीत, आणि त्यांच्या दारात आज सकाळीही कुणीतरी घागर ठेवून गेलं आहे.