न झालेल्या खोकल्याची किंमत

राजाच्या पालखीचे चारही भोई खोकेनासे झाले आणि त्यापायी म्हाळसाची नोकरी जायची वेळ आली!

म्हाळसा राजवाड्याच्या औषधशाळेत काढे उकळायची, पुड्या बांधायची. पुडी न्यायला आलेल्याच्या तोंडाला तंबाखूचा वास आला, की ती त्याला तिथंच बसवून घ्यायची. तलफ आली की चघळायला ज्येष्ठमध द्यायची आणि दर सोमवारी तोंड हुंगायला बोलवायची. भोयांचा तर तिनं वर्षभर पिच्छा पुरवला, तेव्हा कुठं त्यांच्या चिलमी सुटल्या.

खजिनदार गुंडोपंतांनी आपल्या भोयांना औषधशाळेची पायरी चढू दिली नव्हती. ते राजाच्या कानाला लागले, की ज्येष्ठमधावर दरमहा दहा होन जातात आणि खोकणारं तर कुणीच दिसत नाही. मग औषधवाली हवी कशाला? राजाला ते पटलं. त्याला शेवटी बोलणाऱ्याचं नेहमीच पटायचं. त्यानं म्हाळसाला बोलावलं.

"जो खोकला झालाच नाही, त्याची किंमत मला उद्या दाखव. नाहीतर औषधशाळेला कुलूप!"

नोकरी गेली तर चूल कशी पेटणार? पण म्हाळसा म्हणाली, "दाखवते, महाराज. फक्त उद्या गडावर देवीला जाताना आपण पंतांच्या पालखीत बसा आणि पंतांना आपल्या पालखीत बसू द्या."

गुंडोपंत हरखले. राजाची गादी कुणाला नको?

गडावरच्या देवळातल्या गुरविणीचा खाक्या राज्यभर ठाऊक होता. जो पहिला वर येईल त्याला तुपातल्या गरम सांजोऱ्या, मागून येणाऱ्याला उरल्या तर. मग तो राजा का असेना! आजवर राजाच पहिला पोचायचा आणि ही देवीची कृपा, असं समजायचा.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पालख्या बरोबरच निघाल्या. राजाची पालखी पंतांना घेऊन बघता बघता दिसेनाशी झाली. पंतांचे भोई पहिल्याच वळणाला खोकू लागले. पुढचे खोकले की पालखी पुढं वाकायची, मागचे खोकले की मागं. चौघं एकदम खोकले तेव्हा राजाचं डोकं दांड्यावर आपटलं आणि मंदील दरीत गेला. बरं, दम खायला थांबले, की लगेच चिलीम पेटवायचे! अखेर राजा उतरून पायी निघाला आणि तरीही भोयांच्या आधी पोचला.

वर गुंडोपंत पाटावर डोळे मिटून बसले होते. परात रिकामी होती.

"माझ्या सांजोऱ्या?" राजानं रडवेल्या आवाजात विचारलं.

पंतांच्या मागोमाग वर आलेली म्हाळसा पुढं झाली.

"महाराज, आपल्या भोयांना जो खोकला झाला नाही, त्याची किंमत पंतांच्या पोटात आहे. गुरवीणबाई म्हणतात, एकवीस होत्या."

नेमका तेव्हाच पंतांनी ढेकर दिला.

राजा आधी लाल झाला, मग जो हसत सुटला तो देवळाच्या पायरीवर बसलाच. तिथूनच त्यानं म्हाळसाचा पगार दुप्पट केला. खोकणारे भोई सोमवारपासून तिच्या ताब्यात दिले. ज्येष्ठमधाचा खर्च पंतांच्या पदरी घातला आणि त्या चौघांच्या चिलमी सुटेपर्यंत पंतांनी गड पायीच चढावा, असा हुकूम काढला.

गुरविणीनं मात्र राजासाठी नवा घाणा काही तळला नाही.