लपवलेली दवंडी

फार मागे, डोंगरांना अजून कुणी मालक नव्हते तेव्हा, एका डोंगराखाली एक गाव होतं. डोंगराच्या पोटातून झरा यायचा. त्याची राखण दोघा भावांच्या घराकडे होती. थोरला झऱ्याचं तोंड साफ करायचा. धाकटा त्याच्या मागे मागे फिरायचा.

एका सकाळी थोरला तापानं गेला.

धाकट्याला काही सुचेना. शेजारची म्हातारी पिठलं-भाकरी आणून द्यायची, ती तो दोन ताटांत वाढायचा आणि दुसऱ्या ताटाकडे बघत बसायचा. दिवस किती गेले, त्याला कळत नव्हतं. तो चावडीवर आला की बोलणारे गप्प होत. पाटील विचारत, "जेवलास का, बाळा?" आणि नजर वळवत. त्याला वाटे, मरण झालेल्या घराशी लोक असंच वागत असतील.

मग एक दिवस डोंगरावर घण वाजू लागले.

तो धावत वर गेला. "कुणाला विचारून फोडताय?"

"राजाला," पाथरवट म्हणाला. "किल्ल्याला दगड हवाय. तुमच्या गावात दवंडी झाली की, दोन महिने झाले."

धाकटा तसाच अनवाणी राजधानीला गेला. तिथला कारभारी म्हणाला, "ज्या घराकडे राखण, त्या घरानं दवंडीपासून तीस दिवसांत हरकत घ्यायची. खरीच अडचण असेल तर आणखी तीस. त्यापुढे राजालाही ऐकता येत नाही. साठ दिवस परवा संपले."

"मला माहीतच नव्हतं. माझा भाऊ गेला हो."

कारभाऱ्यानं लेखणी खाली ठेवली. "परवा आला असतास, तर हे कारण मी लिहून घेतलं असतं."

"मग आता लिहा."

"आता कुठे लिहू?"

धाकटा गावात परतला. "दवंडी कधी झाली?"

"तुझा भाऊ गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी," पाटील म्हणाले. "आम्हीच दवंडीवाल्याला तुझ्या गल्लीत येऊ दिलं नाही. म्हटलं, पोर आधीच खचलंय."

"आणि नंतर?"

"नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू."

म्हातारी म्हणाली, "तू दोन ताटं वाढायचास रे. कोणत्या तोंडानं सांगणार?"

कुणावर चिडावं, हेच त्याला कळेना. ज्यांनी त्याला जगवलं, त्यांनीच झरा घालवला होता. डोंगर फुटत राहिला आणि उन्हाळ्याआधीच झऱ्याचं पाणी आटलं. बायका कोसभर चालू लागल्या.

पुढच्या वर्षी म्हातारीचा मुलगा गेला. त्याच आठवड्यात दवंडी आली: देवराई तोडायला राजानं परवानगी दिली होती. देवराईची राखण म्हातारीच्या घराकडे होती. चावडीवर पुन्हा सगळे गप्प झाले.

धाकट्यानं पिठलं-भाकरी घेतली आणि तिच्या दारात जाऊन बसला.

"मावशी, आधी खा. मग एक वाईट बातमी आहे, ती ऐक. मी तुझ्याबरोबर राजधानीला येतो."

बातमी ऐकून म्हातारी आणखी रडली. बराच वेळ रडली. मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "आज कितवा दिवस?"

"पहिला."

ती देवराई अजून उभी आहे.

दुःखात बुडालेल्या माणसापासून वाईट बातमी लपवू नये. खरी माया असेल, तर बातमी वेळेवर सांगावी आणि त्याच्याजवळ बसून राहावं.