चारुमतीचा नकाशा

एका तळ्याकाठी तीन राज्ये होती: निंबगड, करंजगड आणि वावडी. राज्ये म्हणायची एवढेच. एका राज्यात कोंबडा आरवला की उरलेल्या दोन्ही राज्यांतले लोक अंथरुणातून उठत. तळ्याचे पाणी तिघांच्या भाताला पुरे, आणि बांधाची डागडुजी तिघे मिळून करत.

निंबगडच्या राजाने आपली मुलगी चारुमती हिला राजनीती शिकायला दूरच्या विद्यापीठात पाठवले. पहिल्या वर्षी गुरुजींनी एकच सूत्र पक्के करून घेतले: शेजारी तो शत्रू, शत्रूचा शेजारी तो मित्र. सुट्टीत चारुमती घरी आली ती अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊनच. करंजगडचे राजे भुजंगराव तिला भेटायला आले. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून ती जत्रा बघायची. पण आता तिने त्यांना 'काका' म्हटले नाही, 'करंजगडनरेश' म्हटले. भुजंगराव मिशीतल्या मिशीत हसले आणि घरी गेले.

त्याच आठवड्यात राजा तापाने अंथरुणाला खिळला. कारभार चारुमतीकडे आला. दुसऱ्याच सकाळी करंजगडचा दूत धापा टाकत आला.

"बांधाला भेग पडलीय. आमची माणसं निघाली, तुमचीही लगेच पाठवा."

प्रधान विसाजीपंत माणसे गोळा करायला उठले. चारुमतीने त्यांना अडवले. "थांबा पंत. करंजगड आपला शेजारी, म्हणजे शत्रू. यात काहीतरी डाव असणार."

"मग काय करायचं, बाईसाहेब?"

"मित्राला विचारायचं. शत्रूचा शेजारी वावडी. तिकडे स्वार पाठवा."

स्वार वेशीपर्यंत पोचतो न पोचतो तोच चारुमतीच्या ध्यानात आले की वावडीची हद्दही आपल्याला लागूनच आहे. म्हणजे वावडी शत्रू. मग वावडीचा शेजारी करंजगड, तो मित्र. स्वाराला परत बोलावून करंजगडकडे धाडले. पण करंजगड तर आधीच शत्रू ठरला होता. स्वार पुन्हा माघारी. घोड्याला काही कळेना, स्वाराला कळेना, आणि खरे सांगायचे तर चारुमतीलाही कळेना.

तिने कागदावर नकाशा काढला. तीन राज्यांची तीन वर्तुळे आणि त्यांच्यामध्ये बाण. प्रत्येक बाण फिरून यायचा आणि मित्राला शत्रू, शत्रूला मित्र करून ठेवायचा. शेवटच्या बाणाने तर निंबगडच निंबगडचा मित्र ठरला. तेवढे मात्र पंतांना पटले. चारुमती रडकुंडीला आली. "गुरुजी चुकायचे नाहीत, पंत. माझंच कुठंतरी चुकतंय."

संध्याकाळी मोठा आवाज झाला. बांधाचे निंबगडकडचे टोक फुटले होते.

चारुमती नकाशा हातात घेऊन तशीच धावली. निंबगडची खालची शेते पाण्याखाली गेली होती. पोटरीत आलेला भात आडवा झाला होता. आणि करंजगडची नि वावडीची माणसे चिखलात उभी राहून निंबगडचे टोक बुजवत होती. त्यांची स्वतःची शेते तर कोरडी होती. शत्रूंनी असे का करावे, हे तिला उमगेना.

कमरेइतक्या पाण्यातून भुजंगराव काठाशी आले. त्यांनी तिच्या हातातला कागद पाहिला. "मीही त्याच गुरुजींचा विद्यार्थी, पोरी. दुसऱ्या वर्षी पहिल्याच दिवशी ते हा नकाशा मागतात आणि एक प्रश्न विचारतात."

"कोणता?"

"यात तळं कुठं आहे?"

चारुमतीने कागदाकडे पाहिले. राज्ये होती, बाण होते, शत्रू आणि मित्रही होते. तळे काढायचे राहून गेले होते. बुडालेल्या भाताकडे बघताना तिला फार लाज वाटली, आणि रडूही आले. मग तिने कागद पंतांच्या हाती दिला, निंबगडची सगळी माणसे आणायला त्यांना पिटाळले आणि पदर खोचून ती पाण्यात उतरली.

"काका, मी कुठं उभी राहू?"

"इथं," भुजंगराव म्हणाले. "माझ्या शेजारी."

तात्पर्य: शेजारी शत्रू की मित्र हे ठरवण्याआधी दोघांच्या मध्ये काय आहे ते पाहावे.