सांता सेसिलचं उघडं डोकं

खाडीवर पूल नव्हता आणि खारवडीला जायचं तर होडीच लागायची, त्या काळची ही गोष्ट. गावच्या जुन्या चर्चमध्ये सांता सेसिलचा संगमरवरी पुतळा होता. धर्मासाठी मानेवर घाव सोसलेली ती पोर कुशीवर निजलेली, आणि डोक्यावर दगडातच कोरलेलं फडकं. तिला बघूनच खारवडीनं दंडक घातला होता : बाईनं उघड्या डोक्यानं चर्चचा उंबरा ओलांडायचा नाही. दारावर बास्त्याव उभा असायचा. त्याच्या नजरेतून एक बट सुटत नसे, असं म्हणतात.

एका थंडीत, सांता सेसिलच्या सणाला, सगळं गाव मिस्सेच्या प्रार्थनेला आत होतं. तेवढ्यात म्हातारी सुईण कोंसूबाय धावत आली. मिठागरावर एक बाई बाळंत होऊन मेली होती. तिचं पोर कोंसूबायनं आपल्या डोक्यावरच्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. त्याला दूध हवं होतं, आणि गावातल्या साऱ्या लेकुरवाळ्या आत होत्या.

"डोकं झाक, माय," बास्त्याव म्हणाला.

"डोक्यावरचं याच्या अंगावर आहे, रे."

"मग घरून दुसरं आण."

"मेल्या, याच हातांत जन्मलास तू! तेव्हा तुझं डोकं झाकलेलं होतं काय?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. बास्त्यावला ते झोंबलं. त्यानं दार लोटून अडसर घातला. बाहेर पोर रडत राहिलं. आत सगळ्यांना ऐकू येत होतं. कुणी मान वळवली नाही. उलट गाणं मोठ्यानं म्हटलं.

मिस्सा संपली, दार उघडलं. कोंसूबाय पायरीवर बसल्या बसल्या गार झाली होती. कुशीत पोर उबदार, ओठांवर दुधाचा थेंब. आणि म्हातारीच्या डोक्यावर पांढरंशुभ्र फडकं, कुठल्याच मागावर न विणलेलं. आतून किंकाळी आली. पुतळ्याचं डोकं उघडं होतं. दगडाचे केस मोकळे झाले होते, असं म्हणतात.

आता कोंसूबायला अडवायला कारण उरलं नव्हतं. बास्त्यावनंच तिला उचलून आत नेलं. त्यानंतर तो कधी आत गेला नाही. मरताना म्हणाला, "मला उंबऱ्याखाली पुरा. बायांना माझ्यावरून जाऊ द्या." गावानं तसंच केलं.

अजूनही त्या सणाला खारवडीच्या बाया डोक्यावरचं काढून तान्ह्या पोरांना गुंडाळतात आणि उघड्या डोक्यानं आत जातात. पुरुष शेवटी. दारावर कुणीच उभं नसतं. एखादं पोर हमखास विचारतं, "सांता सेसिलचं डोकं उघडं का?"

मोठी माणसं खाली बघतात. खाली उंबरा असतो.