पाण्यातला रेडा

सावरखेडे नावाच्या गावात भुजंगराव नावाचे एक गृहस्थ राहत. गावात एक लहानसं वाचनालय होतं आणि भुजंगराव त्याचे अध्यक्ष होते. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण चांगले आहोत यावर त्यांचा इतका विश्वास होता, की ते पुन्हा तपासून बघावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांच्या आधी केरोबा अध्यक्ष होते. वाचनालयात पेपर एकच यायचा, सकाळच्या एसटीने. केरोबा तो थेट घरी न्यायचे आणि दिवेलागणीला परत आणायचे. कधी त्यावर भज्यांच्या तेलाचे डाग असत, कधी मधलं पानच नसे. शेवटी गाव चिडलं. भुजंगरावांनी भर सभेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "पेपर गावाचा आहे. तो या टेबलावरच राहील." गावाने केरोबांना उतरवलं आणि भुजंगरावांना अध्यक्ष केलं.

भुजंगरावांनी शब्द पाळला. पेपर टेबलावरच राहिला. आता टेबलासमोर वाचनालयातली एकुलती एक खुर्ची होती, खुर्चीच्या डोक्यावर एकुलता एक पंखा होता, आणि त्या खुर्चीत भुजंगराव बसत. आलेला पेपर आधी कुणीतरी जाणत्याने पाहून घ्यावा, भलतंसलतं गावाच्या डोळ्यांपुढे येऊ नये, असं त्यांना मनापासून वाटे. पाहता पाहता जेवणवेळ होई. जेवून, जरा पडून आले की राहिलेलं पाहणं होई. शब्दकोडं ते पेनाने सोडवत, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्रास नको. गावकरी समोरच्या बाकावर बसत आणि भुजंगराव पान धरून वाचत असताना त्याची मागची बाजू वाचून घेत. त्यामुळे गावाला बातम्यांची सुरुवात ठाऊक असे, पण शेवट नाही.

एकदा तालुक्याहून आलेल्या पुस्तकांत जनावरांच्या गोष्टीचं एक पुस्तक निघालं. गोष्ट अशी होती. रानात दुष्काळ पडला, तेव्हा सगळ्या जनावरांनी मिळून एक तळं खणलं. एक लांडगा त्यावर हक्क सांगू लागला. जनावरांनी एकी करून त्याला हाकललं आणि पाण्याची राखण रेड्याकडे दिली. रेडा काही दिवस काठावर उभा राहिला. मग म्हणाला, काठावरून तळ दिसत नाही, राखण आत उतरूनच करायला हवी. तो पाण्यात जाऊन बसला. जनावरं काठचा चिखल चाटू लागली. त्यांनी तक्रार केली तेव्हा रेडा म्हणाला, "पाणी पिण्याजोगं आहे का, ते मी तपासतो आहे. तपासून झालं की सांगतो." तिथे गोष्ट संपली होती.

भुजंगरावांनी ती एका बैठकीत वाचली आणि मांडीवर थाप मारली. हा रेडा म्हणजे केरोबा, दुसरा कुणी नाही. गावाने विश्वासाने राखण सोपवली आणि हा पठ्ठ्या आत जाऊन बसला. लिहिणाऱ्याने केरोबाला पाहूनच लिहिलं असणार.

अशी गोष्ट गावाने ऐकलीच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. शाळेतल्या कुमुदबाई रोज संध्याकाळी वाचनालयात ती वाचून दाखवू लागल्या. गर्दी वाढत गेली. रेडा पाण्यात उतरला की लोक हसायचे, आणि "मी तपासतो आहे" या वाक्याला तर बाक हलायचा. भुजंगराव खुर्चीतून कौतुकाने सगळ्यांकडे पाहायचे. गावाला केरोबाची ओळख पटली, याचं त्यांना समाधान वाटे.

पण गोष्ट ऐकून लोक घरी जात, आणि घरी दुसरेच रेडे निघत. ठकूबाईंनी कोठीची किल्ली सुनेकडे, लीलेकडे, दिली होती. त्या तिला म्हणाल्या, "राखण आतूनच करतेस ना? गूळ निम्म्यावर आलाय." लीला म्हणाली, "चुलीपुढची उबेची जागा कोण सोडत नाही, तेही पुस्तकात आहे." मन्सूर टेलरला रेडा दूध डेअरीत दिसला. डेअरीवाल्याला तो पिठाच्या गिरणीत दिसला. गिरणीवाल्याने मन्सूरच्या दुकानासमोर उभं राहून, शर्टाच्या कापडातून उरलेलं कापड कुणी तपासायला ठेवलं, असं मोठ्याने विचारलं. गावात खरा रेडा एकच होता, खंडूचा. खंडू ज्याला त्याला सांगत सुटला, "आमचा दिवसभर राबतो हो. त्याचं नाव कशाला खराब करता?"

भांडणं वाढली. कुणी कुणाच्या दारात उभं राहीना. भुजंगरावांना वाईट वाटलं. एवढा उघड अर्थ, आणि लोक त्याच्या उलट अर्थ लावून बसलेत. त्यांनी सभा बोलावली. खुर्चीत बसून, पेपर मांडीवर घेऊन त्यांनी ठराव मांडला. "या गावातला रेडा कोण, ते आज सभेने ठरवावं. ज्याचं नाव ठरेल, त्याचं नाव वाचनालयातून कमी व्हावं."

सगळ्यांचे हात वर गेले. प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याचं नाव होतं, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

"आता," भुजंगराव म्हणाले, "आपण कुणावर अन्याय करायचा नाही. केरोबा, तुम्हीच सांगा. गोष्ट ऐकली ना? तुम्ही त्यात कुठे दिसता?"

केरोबा दाराशी, चपलांजवळ बसले होते. ते उठले नाहीत.

"दिसतो की," ते म्हणाले. "पण तुम्ही मला चुकीच्या पानावर शोधताय. मी आधीच्या पानावर आहे."

"म्हणजे?"

"मी लांडगा. मला हाकलून झालंय. रेडा त्याच्यानंतर आला."

पंखा कुरकुरत होता. मग एकेकाची नजर टेबलाकडे वळली, टेबलावरून खुर्चीकडे, खुर्चीवरून पंख्याकडे, आणि पंख्याखालून हलली नाही.

भुजंगराव म्हणाले, "अहो, पण मी पेपर नेत नाही कुठे. मी तो फक्त तपा…"

शब्द तिथेच थांबला. लीलेला हसू आलं. तिने पदर तोंडाशी धरला, आणि शेजारी पाहिलं तर सासूनेही धरला होता. किती तरी दिवसांनी त्या दोघी एकाच गोष्टीला हसत होत्या.

भुजंगरावांचे कान तापले. सभा तहकूब करायचा अधिकार अध्यक्षांना होता. घंटा हाताशी होती. ती वाजवावी आणि घरी जावं, असं त्यांच्या मनात आलं. हात घंटेपर्यंत गेलाही. पण समोर बाकावर सगळं गाव बसलं होतं, आणि ही माणसं इतकी वर्षं मान वाकडी करून आपल्या पेपरची मागची बाजू वाचत होती, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं. त्यांनी हात मागे घेतला आणि ते खुर्चीतून उठले.

"ठराव झालेला आहे," ते म्हणाले. "कुमुदबाई, माझं नाव कमी करा."

सभासदांची वही कुमुदबाईंकडे असे. त्यांना काय करावं कळेना. तेव्हा केरोबा दाराशी बसूनच म्हणाले, "नाव राहू द्या. रेड्याला पाण्यातून काढायचं असतं, रानातून नाही. तहान त्यालाही असते."

गावाला ते पटलं. भुजंगराव बाकावर जाऊन बसले. मन्सूरने सरकून जागा दिली. मग पेपरची पानं सुटी करून वाटण्यात आली. ज्याला जे मिळालं ते त्याने वाचलं आणि पुढे दिलं. भुजंगरावांच्या वाट्याला बाजारभावाचं पान आलं. शेजारून डोकं घालून दोघं वाचत होते, तरी भुजंगरावांनी पान आपल्याकडे ओढलं नाही. खुर्चीत मात्र त्या दिवशी कुणी बसेना. जो तो दुसऱ्याला म्हणे, "तुम्ही बसा."

भुजंगराव घरी गेले. त्यांना हलकं वाटत होतं, आणि थोडं मोठंही वाटत होतं, कारण स्वतःची चूक कबूल करणं सगळ्यांना जमत नाही. झोपाळ्यावर बसून त्यांनी बायकोला, सगुणाबाईंना, सभेची हकिकत सांगितली. त्या खाली बसून तांदूळ निवडत होत्या.

"आता मला सगळं स्वच्छ दिसायला लागलंय," भुजंगराव झोका घेत म्हणाले. "अगं, आपल्या घरात कुणी रेडा नाही ना? असेल तर सांग."

सगुणाबाईंनी सुपातून डोकं वर केलं.

"सांगते," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही त्या झोपाळ्यावरून उठा. लग्न होऊन आले तेव्हापासून मला त्यावर बसायचंय."

तात्पर्य: गोष्टीतलं जनावर शेजारच्या अंगणात शोधायला निघण्यापूर्वी, आपण स्वतः कुठे बसलो आहोत ते आधी पाहावं.