सांबराचा तराफा

मुलांनो, एका मोठ्या जंगलाच्या मधोमध एक रुंद नदी वाहत असे, आणि तिच्या खोल डोहात एक वयस्कर कासवीण राहत असे. तळाला खडक कुठे आहे, भोवरा कुठे फिरतो, कोणत्या महिन्यात पाण्याची ओढ कोणत्या काठाला असते, हे तिला डोळे मिटूनही कळे. पण ती फार बोलकी नव्हती. कुणी विचारले तरच सांगायची, आणि तेही मोजक्या शब्दांत.

एका वर्षी माघ महिन्यात नदीच्या अलीकडच्या रानाला वणवा लागला. दोन दिवसांत गवत, झुडपे, बोरींची जाळी सगळे जळून काळे झाले. जनावरे कशीबशी वाचली, पण आता खायचे काय? पलीकडच्या काठावर हिरवेगार रान दिसत होते. मोठी जनावरे पोहून तिकडे जाऊ लागली. ससे, मुंगूस, साळिंदरे आणि लहानगी पिसोरी हरणे मात्र काठावर बसून पलीकडे नुसती बघत राहिली.

तेव्हा एक सांबर पुढे आला. भव्य शिंगे, रुंद छाती आणि मोठे मन असलेला. तो सहज पोहून गेला असता, पण ही लहान जनावरे मागे टाकून जाणे त्याच्या जिवावर आले. दिवसभर तो काठाने फिरला आणि संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "पुरात वाहून आलेले बांबू वळणावर अडकलेत. ते रानवेलींनी एकमेकांना बांधू, त्याचा तराफा करू. तुम्ही वर बसायचं आणि पाण्यातून कासवांनी ओढून न्यायचं. कोण कोण येतं माझ्याबरोबर?"

"गाठी मी मारतो," झाडावरचा वानर म्हणाला. गाठी मारण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे.

कासविणीने पाण्यातून डोके वर काढले. "ओढायचं काम आम्ही करू. पण पाण्यातली वाट मी ठरवीन."

"कबूल, मावशी," सांबर म्हणाला. "पाण्याचं मला काय कळतं?"

आणि खरोखरच तराफा चालू लागला. सकाळी तीन फेऱ्या, दुपारी तीन फेऱ्या, एका फेरीला आठ जनावरे. तिकडे चरून आपल्या बिळांकडे परत येताना प्रत्येकाने थोडी फळे, थोडा पाला आणायचा, आणि त्यात तराफ्यावर राबणाऱ्या सगळ्यांचे पोट भरायचे. उपाशी रान पुन्हा हसू-बोलू लागले. ही सगळी सांबराची करामत होती, आणि कासवीण स्वतः सगळ्यांना तसे सांगायची. "कल्पना त्याची," ती म्हणे. "आम्ही इतकी वर्षं या डोहात आहोत, पण आम्हाला काही ती सुचली नाही."

महिनाभराने तराफ्याचे नाव दूरवर पोहोचले. आसपासच्या रानांतली जनावरे तो बघायला येऊ लागली. नदीजवळ एक उंच टेकाड होते. तिथे उभे राहून सांबर त्यांना तराफ्याची हकिकत सांगे. हळूहळू त्याचे पाण्याजवळ येणे कमी झाले, मग बंदच झाले. सहाच्या दहा फेऱ्या झाल्या. आठांच्या जागी दहा जनावरे बसू लागली.

एकदा एक तरुण कासव टेकाडावर गेले आणि म्हणाले, "दादा, आमचे पाय भरून येतात. दुपारी जरा विसावा मिळाला तर बरं होईल." सांबराने खूर आपटला, शिंगे हलवली. "एवढं मोठं काम उभं राहतंय आणि तुम्हाला विसावा सुचतो?" कासव मान आत ओढून परत आले.

सांबर दुष्ट नव्हता, मुलांनो, हे विसरू नका. पण त्या तराफ्यावर त्याचा इतका जीव होता, की कुणी त्यातले उणे दाखवले की ते त्याला स्वतःच्या अंगाला झोंबे. मग हळूहळू सगळ्यांनी ओळखले, की टेकाडावर जाताना चांगली बातमी घेऊनच जावे. वानराने हे सगळ्यांत आधी ओळखले. "सगळं ठीक आहे, दादा," असे तो रोज सकाळी सांगून यायचा, आणि सांबर खूश व्हायचा.

चैत्र लागला. ऊन करपवू लागले. तराफा बांधला तेव्हा रानवेली ओल्या आणि चिवट होत्या. आता रोज भिजून आणि उन्हात वाळून त्या कडक झाल्या होत्या. वरून ते कुणाला दिसत नव्हते. कासवीण मात्र तराफ्याच्या खाली पोहत असे. मधल्या बांबूंना धरून ठेवणाऱ्या दोन वेली तडकू लागल्याचे तिने पाहिले, पंजाने चाचपून खात्री केली आणि ती टेकाडाकडे निघाली.

सशाला ते टेकाड चढायला चार उड्या पुरत. कासविणीला अर्धा दिवस लागला. तापलेल्या मुरमावरून ती सरपटत वर पोहोचली तेव्हा तिच्या पोटाचे कवच भाजून निघाले होते.

"वेली वाळल्यात," ती म्हणाली. "दोन दिवस तराफा थांबव. ओल्या वेली आणून पुन्हा बांधू."

"दोन दिवस?" सांबर म्हणाला. "मावशी, उपाशी जनावरं रांगेत उभी आहेत, आणि तू थांबव म्हणतेस?"

चार दिवसांनी ती पुन्हा वर गेली. या वेळी सांबराने वानराला बोलावून विचारले, "वेली कशा आहेत रे?" वानराने कासविणीकडे पाहिले, मग सांबराच्या शिंगांकडे. "घट्ट आहेत, दादा," तो म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला. कासवीण आल्या वाटेने खाली उतरू लागली.

ती तिसऱ्यांदा गेली तेव्हा टेकाडावर शेजारच्या रानातले पाहुणे बसले होते. त्यांच्यासमोर तिने तेच सांगितले, त्याच शब्दांत. सांबराचा चेहरा उतरला. मग तो थंडपणे म्हणाला, "तुझं आता वय झालंय, मावशी. उद्यापासून तरुण कासवं तराफा ओढतील. तू विश्रांती घे."

उतरताना कासविणीला वाट दिसत नव्हती. इतक्या वर्षांत पाण्याच्या बाबतीत तिचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. राग आला, अपमान वाटला. हा डोह सोडून नदीच्या वरच्या अंगाला निघून जावे, असेही एकदा मनात आले. पण काठावर तिला एक सशीण दिसली, दोन पिल्ले घेऊन रांगेत उभी असलेली.

"उद्या तराफ्यावर बसू नकोस," कासवीण तिला म्हणाली.

"पोरं उपाशी आहेत हो, मावशी," सशीण म्हणाली. "आणि सांबरदादा तर म्हणतात, सगळं ठीक आहे."

कासवीण पाण्यात शिरली. डोहातल्या सगळ्या म्हाताऱ्या कासवांना तिने हाक घातली आणि सांगितले, "उद्यापासून तराफा निघाला की आपण त्याच्याखाली राहायचं. कुणी सांगितलेलं नाही. पण राहायचं."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला म्हणून सांबराने सोळा जनावरे तराफ्यावर बसवली. तराफा निघाला. काठावर कौतुकाचा गलका झाला. डोहाच्या मध्यावर आल्यावर कडकन आवाज झाला, मग दुसरा, आणि बांबू हाताच्या बोटांसारखे फाकले. सोळाच्या सोळा जनावरे पाण्यात पडली.

त्या क्षणी तळातून म्हाताऱ्या कासवांच्या पाठी वर आल्या. एकेका पाठीवर एकेक ससा, एकेक मुंगूस. घाबरलेले साळिंदर कासविणीच्या मानेला बिलगले, त्याचे काटे रुतले, तरी तिने मान आत घेतली नाही. टेकाडावरून सांबरानेही धाव घेतली होती. त्याने पाण्यात उडी टाकून तीन पिसोरींना शिंगांचा आधार दिला. सगळी जनावरे काठाला लागली. जीव कुणाचाच गेला नाही. पण सशिणीच्या धाकट्या पिल्लाचा पाय दोन बांबूंमध्ये सापडला होता, आणि तो कायमचा अधू झाला.

"वेली वाळल्यात हे मला कुणी सांगितलं का नाही?" धापा टाकत सांबराने विचारले.

मग वानर झाडावरून खाली उतरला. "मावशीनं तीनदा सांगितलं, दादा," तो म्हणाला. "गाठी चाचपताना मलाही कळलं होतं, पण मी एकदाही सांगितलं नाही. तुम्ही चिडाल, याची भीती वाटली."

पाहुणे त्याच दुपारी निघून गेले. दुसऱ्या दिवशी काठावर एकही जनावर आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बांबू पाण्यात सुटे तरंगत राहिले, आणि सगळ्या रानाला जगवणारा उद्योग असा चार दिवसांत संपला. काही कुटुंबे भुकेने दूरच्या रानात निघून गेली.

पाचव्या दिवशी सांबर पाण्यापाशी आला आणि मान खाली घालून उभा राहिला. "मी सशिणीकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "चुकलो म्हणालो. ती पिल्लाचा पाय चाटत राहिली. मावशी, तुझ्याशीही मी वाईट वागलो."

"वागलास," कासवीण म्हणाली. "पण जनावरं अजून उपाशी आहेत. तराफा पुन्हा बांधायला हवा."

"आता माझ्या शब्दावर कोण बसेल? तू चालव. तू सांगशील ते काम मी करीन."

कासविणीने विचार केला. "वरच्या ओढ्याला ओल्या वेली आहेत. रोज सकाळी शिंगांवर घालून आणत जा."

सांबराने ते मान्य केले. वानराने पुन्हा गाठी मारल्या, या वेळी दुहेरी. आणि पहिल्याच सकाळी कासविणीने एक नवी रीत घातली. तराफा निघण्याआधी ती सगळ्यांना काठावर बोलवी आणि एकच विचारी, "आज काय बिघडलंय?" सुरुवातीला सगळे गप्प बसत. तीही गप्प बसून वाट बघे. उत्तर आल्याशिवाय तराफा हलत नसे. मग कुणी म्हणे गाठ सैल आहे, कुणी म्हणे माझा पाय दुखतोय. ती प्रत्येकाला म्हणे, "बरं झालं सांगितलंस," आणि आधी ते नीट करून घेई.

पण बसायला कुणी येत नव्हते. कासवीण रिकामा तराफा पलीकडे नेई आणि रिकामाच परत आणी. दिवसाला सहा फेऱ्या. तरुण कासवे कुरकुरली, "मावशी, कुणासाठी ओढायचं हे?" ती म्हणाली, "बघणाऱ्यांसाठी." जळक्या झुडपांआडून कितीतरी डोळे रोज तराफ्याकडे बघत असत, हे तिला ठाऊक होते. बारा दिवस असेच गेले.

तेराव्या दिवशी सशीण आली. मागून तिचे धाकटे पिल्लू लंगडत येत होते. ती तराफ्यापासून जरा लांबच थांबली आणि तिने विचारले, "मावशी, आज काय बिघडलंय?"

तराफा फुटल्यापासून पहिल्यांदाच कुणी बसायला आले होते. तरुण कासवे कासविणीकडे बघू लागली. "काही नाही, ये, बस," एवढे म्हटले असते तरी चालले असते.

"डावीकडचा एक बांबू आतून किडलाय," कासवीण म्हणाली. "आज तो बदलू. आज मी तुला नेणार नाही."

सशीण तिच्याकडे बघत राहिली. पिल्लाला तिने जवळ ओढले. मग तिथेच काठावर, तराफ्याच्या अगदी शेजारी बसकण मारत ती म्हणाली, "मग मी उद्यापर्यंत इथंच थांबते. उद्या पहिल्या फेरीला आमची जागा धर."

तात्पर्य : पुढाऱ्याच्या रागाला भिऊन सोबती खरे बोलेनासे झाले, की उत्तम चाललेला उद्योगही बुडतो; आणि आपल्या कामातले उणे जो रोज स्वतःहून विचारतो आणि ते न लपवता सांगतो, त्याच्यावरच जग पुन्हा भरवसा ठेवते.