दौलतरावांच्या कोल्हापुरी

टायरच्या दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या वच्छलाक्कांनी पाहिलं, तर ट्रकमालक दौलतराव खाणीवरून आले, जीपमध्ये चिखलाचे गमबूट काढले, करकरीत कोल्हापुरी चपला चढवल्या आणि दारातूनच गरजले, "अक्का, रोज डांबरीवर पळेल, खाणीच्या चिखलातून निघेल आणि काश्मीरच्या बर्फात घसरणार नाही असा एकच टायर द्या. नसेल तर दुकानाला कुलूप लावा!"

"देते की, तोही फुकट," अक्का म्हणाल्या. "फक्त आधी ह्याच कोल्हापुरी घालून खाणीत जा, तिथून बर्फात फिरा आणि धड चालत परत या."

दौलतरावांनी जीपमधल्या गमबुटांकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "तिन्ही तऱ्हेचे दाखवा. आणि अक्का, बर्फातले बूट कुठं मिळतात हो?"